इंद्रगोपाचे नाव आणि पाचोळ्यातील प्राण्यांचे जातिवर्णन

प्राणिशास्त्रात एखाद्या जातीचे नव्याने वर्णन करणे म्हणजे तिला केवळ नाव देणे नव्हे. नाव पुष्कळदा लोकांनी आधीच दिलेले असते. वर्णनाचे खरे कार्य असे की, पुढे कोणत्याही काळी व कोणत्याही देशी दुसऱ्या अभ्यासकाच्या हाती तोच प्राणी आला, तर तो तोच आहे हे त्यास निश्चितपणे ओळखता यावे. नाव असणे आणि ओळख असणे यांतील हे अंतर किती मोठे असू शकते, याचे उत्तम उदाहरण आपल्या शेताच्या बांधावरच सापडते.

मृग नक्षत्राचा पहिला पाऊस पडून जमीन ओली झाली की तांबड्या मखमलीच्या तुकड्यासारखा दिसणारा एक लहान प्राणी मातीतून वर येतो व काही दिवस हिंडताना दिसतो. शेतकरी त्याला मृगाचा किडा म्हणतात. प्रौढावस्थेत त्याला आठ पाय असतात. यावरून तो कीटक नसून कोळी, विंचू व गोचीड यांच्या अष्टपाद वर्गातील माइट होय, हे उघड आहे. पिकांच्या पानांवर आढळणाऱ्या ज्या बारीक उपद्रवी प्राण्यांना शेतकरी 'लाल कोळी' म्हणतात, तेही माइटच. मात्र त्यांचे कुल वेगळे व जीवनक्रमही वेगळा.

संस्कृत वाङ्मयात या प्राण्याचे नाव इंद्रगोप असे आहे. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या बृहदारण्यकोपनिषदात, दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या ब्राह्मणात, पुरुषाच्या रूपास ज्या उपमा दिल्या आहेत त्यांत इंद्रगोपाची उपमा आहे. रामायणाच्या किष्किंधाकांडातील वर्षावर्णनात कोवळ्या हिरवळीवर विखुरलेले इंद्रगोप येतात. कालिदासाच्या विक्रमोर्वशीयात, चौथ्या अंकात, उन्मनस्क पुरूरव्यास इंद्रगोपांनी युक्त अशी हिरवळ पाहून उर्वशीच्या वस्त्राचा भास होतो. रंग तांबडा, काळ पावसाच्या आरंभाचा, स्थान नव्या गवताचे, ही तिन्ही लक्षणे कवींनी अचूक टिपली आहेत.

असे असूनही कोशकारांचा घोटाळा झाला. मोनियर विल्यम्स यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशात इंद्रगोपाचा अर्थ कोचिनील कीटक, तसेच काजवा, असा दिलेला आहे. कोचिनील हा मूळचा अमेरिकेतील, निवडुंगावर वाढणारा कीटक असून तो भारतात अठराव्या शतकाच्या अखेरीस आणला गेला. तेव्हा उपनिषत्काराने तो पाहिला असणे संभवत नाही. काजवा प्रकाशतो, पण मखमली तांबडा नसतो. पुढे १९७८ मध्ये झीगफ्रीड लीनहार्ड या संस्कृत पंडिताने या शब्दाचे निरनिराळे प्रयोग एकत्र करून इंद्रगोप म्हणजे तांबडा मखमली माइटच होय असे प्रतिपादन केले. शब्द कधीच लुप्त झाला नव्हता, प्राणीही दर वर्षी दिसत होता. तथापि दोघांचा संबंध पुन्हा जोडण्यास भाषाशास्त्राची मदत घ्यावी लागली. काव्यातील वर्णन सुंदर व खरे असूनही ओळख पटविण्यास ते एकटे पुरे पडले नाही.

शास्त्रीय नामकरणाचा इतिहासही येथे फारसा वेगळा नाही. प्राण्यांच्या द्विनाम पद्धतीचा आरंभ लिनीयसच्या १७५८ मधील ग्रंथापासून मानला जातो. त्या ग्रंथात यूरोपातील मखमली माइटास त्याने ॲकॅरस होलोसेरिसियस, म्हणजे संपूर्ण रेशमी, असे नाव दिले. फाब्रिसियसने १७७५ मध्ये ट्रॉम्बिडियम हा स्वतंत्र वंश स्थापिला. भारतीय मखमली माइटासाठी आपल्याकडील ग्रंथांत जे ट्रॉम्बिडियम ग्रँडिसिमम हे नाव सर्रास आढळते, त्यास कोख यांचे नाव व १८६७ हे वर्ष जोडलेले असते. बीरबहूटी या नावाने युनानी औषधांत वापरला जाणारा प्राणी तोच, असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु त्या काळी वर्णन म्हणजे रंग, आकार व आकारमान यांविषयीच्या थोड्या ओळी, एवढीच रीत होती. भारताच्या निरनिराळ्या भागांत पहिल्या पावसाबरोबर वर येणारे सर्व तांबडे माइट एकाच जातीचे आहेत काय, या प्रश्नाचे उत्तर अशा ओळींवरून देता येत नाही.

ही अडचण या प्राण्याच्या जीवनक्रमामुळे अधिक वाढते. मादी मातीत अंडी घालते. अंड्यातून निघणाऱ्या डिंभाला सहाच पाय असतात आणि तो टोळ व तत्सम कीटकांच्या अंगाला चिकटून त्यांच्या शरीरातील रसावर जगतो. नंतर तो गळून मातीत शिरतो. तेथे एक निश्चल अवस्था, मग आठ पायांची हिंडणारी अवस्था, पुन्हा एक निश्चल अवस्था व शेवटी प्रौढ, असा क्रम चालतो. प्रौढ हा परजीवी नसून वाळवीसारख्या लहान प्राण्यांवर उपजीविका करणारा भक्षक असतो. डिंभ व प्रौढ यांच्यात इतके थोडे साम्य असते की या समूहातील कित्येक जाती केवळ डिंभावरून, तर कित्येक केवळ प्रौढावरून वर्णिल्या गेल्या आहेत. एकाच प्राण्याच्या दोन अवस्थांना दोन नावे मिळण्याचा संभव यामुळे उत्पन्न होतो. अंड्यापासून डिंभ वाढवून त्याचे मातेशी नाते सिद्ध करणे, हाच त्यावर खात्रीचा उपाय आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याच्या, प्राणिसंशोधनाचा विचार करता आरंभी कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांचे नाव घ्यावे लागते. मुंबई सरकारने १८२४ मध्ये त्यांची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामी नेमणूक केली आणि त्या निमित्ताने त्यांनी दख्खनचा प्रदेश पायाखाली घातला. सस्तन प्राणी व पक्षी यांच्या त्यांच्या याद्या १८३१-३२ मध्ये, तर माशांच्या नव्या जाती १८३९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. अनेक माशांना त्यांनी कोलस, मल्या, सांडखोल अशी मराठी नावेच जातिनामे म्हणून दिली, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. दख्खनच्या हवामानावरील १८३५ च्या निबंधात हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून दिसणाऱ्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याचे वर्णन त्यांनी केले आहे. आकाश, नद्या व रान यांची अशी नोंद झाली. पायाखालच्या पाचोळ्याची पाळी मात्र इतक्या लवकर येणे शक्य नव्हते, कारण त्यातील प्राणी वेचण्याचे साधनच त्या काळी अस्तित्वात नव्हते.

ते साधन १९०५ मध्ये इटलीतील अंतोनियो बेर्लेसे यांनी सिद्ध केले. पाचोळा चाळणीवर ठेवून खाली नरसाळे बसवावयाचे आणि नरसाळ्याभोवती गरम पाणी खेळवावयाचे, अशी ती योजना होती. पाचोळा वाळू लागला की आतील प्राणी ओलाव्याच्या शोधात खाली सरकतात व नरसाळ्यातून बाटलीत पडतात. स्वीडनच्या आल्बर्ट टुलग्रेन यांनी १९१८ मध्ये गरम पाण्याऐवजी वर विजेचा दिवा टांगला. आजही बहुतेक प्रयोगशाळांत हाच प्रकार चालतो. या साध्या उपकरणामुळे मूठभर पाचोळ्यातून शेकडो जीव हाती येऊ लागले. त्यांत संख्येने विशेष असतात ते ऑरिबॅटिड माइट. त्यांची लांबी सामान्यतः मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्यापासून एका मिलिमीटरपर्यंत असते, कवच कठीण असते, वाढ संथ असते आणि कुजणारी पाने व बुरशी हे त्यांचे अन्न असते. पानांची माती होण्याच्या क्रियेत त्यांचा वाटा मोठा आहे. मृगाच्या किड्याप्रमाणे त्यांना लोकभाषेत नाव नाही, कारण ते डोळ्यांना दिसतच नाहीत.

भारतातील ऑरिबॅटिडांचा आरंभीचा अभ्यास पीअर्स यांनी १९०६ मध्ये सिक्कीम हिमालयातील नमुन्यांवर प्रसिद्ध केला. मूळचे स्फटिकविज्ञानाचे अभ्यासक असलेले फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रांस्वा ग्रांझां यांनी पुढील काळात या माइटांच्या अंगावरील प्रत्येक केसास स्थानपरत्वे चिन्ह देण्याची पद्धत बसविली व वर्णनास गणिताची काटेकोरता आणली. सन्याल व भादुरी यांनी भारतीय ऑरिबॅटिडांची सूची १९८६ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षणातर्फे प्रसिद्ध केली. या सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र पुणे येथे १९५९ पासून आहे.

आज नव्या जातीचे वर्णन करावयाचे म्हणजे काय करावे लागते, हे येथे थोडक्यात सांगणे योग्य होईल. अल्कोहोलमध्ये ठेवलेला माइट लॅक्टिक आम्लात पारदर्शक करून काचपट्टीवर बसवितात. सूक्ष्मदर्शकाखाली पाठीकडून व पोटाकडून त्याची चित्रे काढतात. केसांची संख्या, लांबी व स्थान, पायांवरील संवेदी रोम, मुखांगांची ठेवण यांची मायक्रोमीटरमध्ये मोजणी करतात आणि जवळच्या ज्ञात जातींहून तो कोठे निराळा आहे हे दाखवितात. आंतरराष्ट्रीय प्राणिनामसंहितेनुसार १९३० नंतरच्या नावास भेददर्शक लक्षणे देणे आवश्यक ठरले. १९९९ नंतर वर्णिलेल्या जातीसाठी प्ररूप, म्हणजे ज्याच्यावर ते नाव कायमचे अवलंबून राहील तो नमुना, स्पष्टपणे नेमणे व तो कोणत्या संग्रहात ठेवला हे सांगणे बंधनकारक झाले. भारतात २००२ च्या जैवविविधता अधिनियमाने नव्या जातीची सूचना नियुक्त संग्रहालयास देणे व तेथे तिचे नमुने जमा करणे हे शोधकाचे कर्तव्य ठरविले आहे.

प्ररूपाबरोबर त्याच्या स्थानाची नोंद तितकीच महत्त्वाची असते. जुन्या चिठ्ठ्यांवर नुसते 'दख्खन' एवढेच लिहिलेले असे. घाटघर-रतनवाडीच्या बाजूस वर्षाकाठी कित्येक हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांत तो पाच-सहाशे मिलिमीटरच्या आसपास असतो. तेव्हा 'दख्खन' या शब्दावरून त्या प्राण्याच्या वस्तीविषयी काहीच कळत नाही. शिवाय स्थाननामे बदलतात. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. त्यापूर्वीच्या चिठ्ठ्यांवर अहमदनगरच राहणार. म्हणून गाव, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, पाचोळा कोणत्या झाडाचा व दिनांक, इतके लिहिल्यावाचून नोंद पुरी होत नाही.

हा सर्व खटाटोप केवळ कपाटे भरण्यासाठी आहे, असे कोणी समजू नये. १९५७ मध्ये म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात, माकडे मरू लागली व माणसांना ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणु संशोधन केंद्राने त्याचे कारण असलेला विषाणू शोधला आणि तो गोचिडीमार्फत पसरतो हे सिद्ध केले. माणसास तो प्रामुख्याने गोचिडीच्या अपक्व अवस्थेकडून मिळतो व ही अवस्था जंगलातील पाचोळ्यात असते. अर्थात प्रौढ गोचीड ओळखता येऊन भागत नव्हते. प्रत्येक अवस्थेची जात ठरविणे अगत्याचे होते. याच कामाच्या ओघात ट्रॅपिडो, हूगस्ट्राल व राजगोपालन यांनी १९६४ मध्ये हीमॅफिसॅलिस क्यासनूरेन्सिस ही नवी जाती वर्णिली. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात या रोगाची साथ आली, तेव्हा तपासाच्या हाताशी पूर्वीच्या वर्णनांचा हा पाया तयार होता. साथ आल्यावर जातिवर्णनास बसणे परवडत नाही. ते आधीच झालेले असावे लागते.

अकोले तालुक्याचा पश्चिम भाग या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर, हरिश्चंद्रगड व रतनगड यांच्या कुशीत हिरडा, जांभूळ, अंजनी व कारवी यांचे रान असून १९८६ मध्ये तेथे अभयारण्य झाले. या भागात भात-नाचणीच्या रोपांसाठी राब भाजण्याची रीत फार जुनी आहे. डहाळ्या, शेण व पाचोळा जमिनीवर पसरून उन्हाळ्यात जाळावयाचा व पावसाबरोबर तेथे बी पेरावयाचे, ही ती रीत होय. हॅरल्ड मॅन, जोशी व कानिटकर यांनी १९१२ मध्ये राबावर जो निबंध प्रसिद्ध केला तो रसायनशास्त्राच्या अंगाचा होता. त्यात राखेचे खत व जमिनीस लागणारी उष्णता यांचा विचार आहे. राबामागे डोंगरातील शेतकऱ्याची गरज आहे, हे विसरून त्यास दोष देणे न्याय्य होणार नाही. पण जेथील पाचोळा दर वर्षी गोळा होतो वा जळतो, तेथे संथपणे वाढणाऱ्या ऑरिबॅटिडांना कितपत थारा मिळतो, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. याच्या उलट टोकास देवराई आहे. तिच्यातील काडीही उचलावयाची नाही असा दंडक जेथे पाळला गेला, तेथे पाचोळ्याचे थर पिढ्यान्‌पिढ्या न हलता राहिले. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतील देवरायांचा जो अभ्यास १९७६ च्या सुमारास प्रसिद्ध केला, त्याने वनस्पतींच्या दृष्टीने त्यांचे मोल दाखवून दिले. मातीतील प्राण्यांच्या दृष्टीने राबाचे रान व देवराई यांची तुलना हे त्यापुढील स्वाभाविक पाऊल होय. देवराई एकदा तुटली की अशा तुलनेची एक बाजूच नाहीशी होते, आणि तेथील ज्या जातींचे वर्णन झालेले नाही त्या होत्या की नव्हत्या हेही पुढे सांगता येत नाही.

या कार्यास मोठ्या सामग्रीची अपेक्षा नाही. वन विभागाची रीतसर परवानगी घेऊन मृगाच्या पहिल्या पावसात अकोल्याच्या डोंगरात व श्रीगोंदे-कर्जतच्या माळावर मखमली माइटांचे प्रौढ गोळा करावे; त्यांची अंडी ओल्या मातीत ठेवून डिंभ मिळवावे आणि एकाच मातेच्या संततीचे व त्या मातेचे वर्णन एकत्र करावे. वर्षातून निदान दोन वेळा, उन्हाळ्यात व पावसाळ्याच्या अखेरीस, देवराईतील व राबाच्या जागेतील पाचोळा टुलग्रेनच्या नरसाळ्यात ठेवावा. नमुने पुण्याच्या संग्रहात जमा व्हावेत. असे झाले तर इंद्रगोप या अतिप्राचीन शब्दामागे आपल्या जिल्ह्यात एक जाती उभी आहे की अनेक, हे प्रथमच नक्की सांगता येईल. आणि ज्यांना लोकभाषेने नाव दिले नाही अशा त्याच्या सूक्ष्म शेजाऱ्यांचीही, ते राहतात ती जागा शिल्लक असतानाच, नोंद होईल.