नोकरी मिळाली, पण सोडता येईल का?

हल्ली आपल्याकडे मुलगा परदेशी जाणार म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "स्पॉन्सर मिळाला का?" म्हणजे इथे बसून नोकरी शोधायची, तिकडच्या मालकाने कागद करायचे, त्यावर व्हिसा आणि मग विमान. आधी नोकरी, मग प्रवास. ऐकायला एकदम सुरक्षित वाटतं. पण या पद्धतीला जवळपास दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो वाचला की दुसराच एक प्रश्न समोर येतो. ही नोकरी नको झाली तर सोडता येईल का?

सुरुवात मॉरिशसपासून करू. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली आणि उसाच्या मळ्यांना माणसं कमी पडू लागली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' नावाचं जहाज ३६ मजूर घेऊन कलकत्त्याहून पोर्ट लुईला पोहोचलं. पुढे मद्रास आणि मुंबई बंदरातूनही माणसं गेली. त्यात आपल्या कोकणातले लोक होते. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवून घेतात आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते.

ही माणसं नोकरी शोधायला गेली नव्हती, नोकरी घेऊनच गेली होती. पाच वर्षांचा करार, महिना साधारण पाच रुपये, जहाजाचं भाडं मालकाचं. या कराराला, म्हणजे अ‍ॅग्रिमेंटला, आपल्या लोकांनी 'गिरमिट' केलं. करारात काय लिहिलंय हे अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नव्हतं. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापायचे. मळा सोडून गेलं तर तो गुन्हा आणि त्याला कैद. पगार कमी होता हे खरंच, पण खरी मेख इथे होती. काम सोडणं म्हणजे मालकाशी भांडण नव्हतं, सरकारशी भांडण होतं.

याविरुद्ध कायदेमंडळात उभा राहिलेला माणूस रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा होता. नामदार गोपाळ कृष्ण गोखले. १९१० मध्ये नाताळसाठी, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या त्या वसाहतीसाठी, मजूरभरती थांबवण्याचा त्यांचा ठराव मंजूर झाला. मार्च १९१२ मध्ये त्यांनी सगळी गिरमिट पद्धतच बंद करा असा ठराव मांडला. मजुराला न कळणारा करार आणि कामातल्या कसुरीला फौजदारी शिक्षा, यावर त्यांचा मुख्य आक्षेप होता. सरकारी मतांपुढे ठराव पडला. १९१५ मध्ये गोखले गेले. गिरमिटावरची भरती १९१७ मध्ये थांबली. ते बघायला ते नव्हते.

आता अमेरिकेकडे या. आज ज्यांना एच-वन-बी हवाय त्यांना हे खोटं वाटेल, पण एकेकाळी तिथे आधी नोकरी ठरवून येणं बेकायदा होतं! १८८५ च्या कायद्याने परदेशी मजुराशी आधीच करार करून, भाडं भरून त्याला आणायला बंदी घातली. संप मोडायला मालक बाहेरून स्वस्त माणसं आणतात, ही तिथल्या कामगार संघटनांची तक्रार होती. कलाकार, व्याख्याते, घरगडी अशा काहींनाच सूट होती. त्यामुळे एलिस बेटावर उतरलेल्या माणसाची पंचाईत व्हायची. "काम ठरलंय का?" "हो" म्हणाला तर परत पाठवणी. आणि हा सरकारवर भार होईल असं अधिकाऱ्याला वाटलं तरी परत पाठवणी.

१९५२ च्या कायद्याने हे चक्र उलटं फिरवलं. मालकाने अर्ज करायचा आणि माणूस आणायचा, अशी सोय झाली. १९९० मध्ये त्यातून एच-वन-बी आला, वर्षाला ६५ हजारांच्या मर्यादेसह. पुढे अमेरिकेतून उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार वाढले. पण अर्ज मालकाचा, म्हणजे व्हिसाही त्याच नोकरीला बांधलेला. २००० च्या दुरुस्तीने नव्या मालकाचा अर्ज दाखल होताच तिकडे रुजू व्हायची मुभा मिळाली. ही छोटी वाटणारी दुरुस्ती फार मोठी होती. तरीही नोकरी गेली की आज जास्तीत जास्त ६० दिवस हातात असतात. तेवढ्यात दुसरा मालक शोधा, नाहीतर सामान बांधा. त्यात सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने देशाबाहेरून येणाऱ्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर लावले. आता इतके पैसे मोजून बाहेरचा माणूस कोण आणणार?

आपल्या कोकणाला सगळ्यात जवळचा आखात. १९७३ नंतर तेलाचा पैसा आला आणि खेड, चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धनकडची माणसं तिकडे गेली. घरं उभी राहिली, पोरं शिकली, हे नाकारता येणार नाही. पण तिथे कफाला पद्धत होती. कफील म्हणजे स्पॉन्सर. त्याच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता यायची नाही, काही देशांत तर देशाबाहेरही पडता यायचं नाही. सौदीत कामगार पळाल्याची 'हुरूब' तक्रार मालकाने केली की माणूस एका झटक्यात बेकायदा. मॉरिशसचा मळा आठवला ना? कतारने २०२० मध्ये नोकरी बदलायला लागणारी मालकाची ना-हरकत काढून टाकली. इतर देशांनीही नियम सैल केलेत, पण सगळीकडे सारखे नाहीत.

आणि हे फक्त आखातात होतं असं समजू नका. ब्रिटनने २०२२ मध्ये वृद्धांची सेवा करणाऱ्यांसाठी हा दरवाजा उघडला. एजंटांनी लाखो रुपये घेतले, तिकडे गेल्यावर काहींना कामच नव्हतं. सरकारने अशा कंपन्यांचे परवाने रद्द केले, तेव्हा त्यांच्या भरवशावर आलेलेही अडकले. जुलै २०२५ मध्ये परदेशातून नवी भरती बंदच केली.

आजचा स्पॉन्सर म्हणजे मळेवाला, असं माझं म्हणणं नाही. चांगल्या कंपन्या आहेत, पगार आहेत, माणूस विमानाने परतही येऊ शकतो. पण राहण्याचा हक्क ज्याच्या सहीवर, त्याच्यापुढे बोलायची हिंमत कमी होते. पगार थकला तरी माणूस गप्प बसतो. १८३४ ला हेच होतं आणि आजही थोडंफार हेच आहे.

म्हणून निघण्याआधी एवढं करा. एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का बघा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क ३० हजार रुपये अधिक जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. ब्रिटनला जायचं असेल तर स्पॉन्सर कंपन्यांची यादी तिथलं सरकारच जाहीर करतं, त्यात नाव शोधा. "आधी व्हिजिटवर जा, तिथे बदलून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. करार कळणाऱ्या भाषेत वाचून घ्या. आणि पगाराचा आकडा विचारून झाला की लगेच विचारा, मालक बदलायचा तर काय करावं लागेल आणि किती दिवस मिळतील?

तुमच्या ओळखीत कुणी शेत गहाण टाकून एजंटचे पैसे भरायच्या बेतात असेल, तर त्याला हे आजच वाचून दाखवा.