भिंतीतला संगणक

सार्वजनिक जागी भिंतीत बसवलेला, इंटरनेटची जोडणी असलेला आणि मुलांनी कोणाच्या शिकवणीशिवाय हाताळायचा संगणक. ‘होल इन द वॉल’ या नावाने हा प्रयोग जगभर गाजला. सिंधुदुर्ग जिल्ह्यात देवगड-नांदगाव रस्त्यावरचे शिरगाव आणि मालवण तालुक्यातील धामापूरशेजारचे काळसे या गावांपर्यंत तो पोचला होता.

प्रयोगाचे जनक सुगत मित्रा (जन्म १९५२). दिल्लीच्या आयआयटीतून त्यांनी भौतिकीत पीएच.डी. मिळवली, मात्र पुढची कारकीर्द संगणक आणि शिक्षण यांतच झाली. एनआयआयटी या संगणक-प्रशिक्षण कंपनीत ते शास्त्रज्ञ होते. २६ जानेवारी १९९९ रोजी त्यांनी कंपनीच्या दिल्लीतील कालकाजी येथील आवाराच्या भिंतीला भोक पाडून, पलीकडच्या झोपडवस्तीकडे तोंड करून एक संगणक बसवला. वस्तीतली मुले कोणाच्या मदतीशिवाय तो चालवू लागली. त्यानंतर मध्य प्रदेशातील शिवपुरी, उत्तर प्रदेशातील मदनतुसी आणि मग देशातील अनेक गावांत असे संगणक बसले. विकास स्वरूप यांना ‘क्यू अँड ए’ ही कादंबरी याच प्रयोगावरून सुचली. ‘स्लमडॉग मिलियनेअर’ हा चित्रपट तिच्यावर आधारित आहे.

रचना साधी, पण हिशेबी होती. पडदा काचेआड. माऊस चोरीला जातो किंवा मोडतो, म्हणून त्याऐवजी बोटाने चालवायची पट्टी किंवा छोटी दांडी. कळफलकावर झाकण अशा बेताने बसवलेले की लहान हात सहज आत जावेत आणि मोठ्यांचे अडावेत. बसायची दांडीही भिंतीला इतकी खेटून की मोठ्या माणसाला तिथे टेकणे नकोसे व्हावे. मोठ्यांना दूर ठेवणे हा प्रयोगाचाच भाग होता. एका वेळी एक मूल यंत्र चालवी, तिघे-चौघे कडेने सल्ले देत (बहुधा चुकीचे, पण ठामपणे), आणि त्यांच्यामागे बघ्यांचा घोळका असे. मित्रा यांच्या मते शिकणे या साऱ्या घोळक्यात होत होते. नुसत्या बघ्यांनाही पुष्कळ काही येऊ लागले, असे त्यांचे निरीक्षण आहे. मुलांची पहिली पसंती खेळ आणि चित्रे काढण्याचा ‘पेंट’ हा प्रोग्राम. ज्यांच्या घरी रंगपेटी नाही त्यांना फुकटात न संपणारे रंग मिळाल्यावर दुसरे काय होणार?

त्याच सुमारास राज्यात संगणक शिकण्याची दुसरी वाटही रुळत होती. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची (एमकेसीएल) स्थापना २००१ची. तिच्या एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरता अभ्यासक्रमाचे वर्ग पुढे तालुक्याच्या गावांतून भरू लागले. तिथे फी होती, परीक्षा होती आणि नोकरीच्या अर्जाला जोडता येईल असे प्रमाणपत्र होते. भिंतीतला संगणक यातले काहीच देत नव्हता. त्यामुळे नोकरीच्या चिंतेत असलेल्या पालकांना तो पोरखेळ वाटला असल्यास नवल नाही.

हा पोरखेळ अभ्यासाला कितपत उपयोगी पडतो, हे संशोधक परिमला इनामदार यांनी तपासले. पश्चिम भारतातील खेड्यांत, जिथे असे संगणक होते, तिथल्या आठवीच्या मुलांना संगणक विषयाची शालेय परीक्षा देण्यास सांगितले गेले. वर्गात शिकवणी झालेली नसतानाही ती त्यांना जमली, असा त्यांच्या २००४च्या निबंधाचा निष्कर्ष आहे. २००७च्या निबंधात त्यांनी आणि सहलेखक ए. कुलकर्णी यांनी या संगणकांचा नियमित वापर आणि गणितातील प्रगती यांचा संबंध दाखवला.

आक्षेपही आहेत, आणि ते दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. अभ्यासक मार्क वॉर्शाउअर यांना दिल्लीत इंटरनेट वारंवार बंद आढळले. पडद्यावर हिंदी मजकूर नव्हता आणि मुले मुख्यतः खेळत बसत, असे त्यांनी २००३ मध्ये लिहिले. संशोधक पायल अरोरा यांनी उत्तराखंडातील अल्मोडा आणि हवालबाग येथे बंद पडलेली यंत्रे पाहून २०१० मध्ये प्रयोगाच्या टिकाऊपणावर प्रश्न उपस्थित केले. कोकणात तर पावसाळ्यात वीज बेभरवशाची, हवा दमट आणि समुद्राकाठी खारी. यंत्राची देखभाल करायला मोठे माणूस लागतेच, आणि त्यालाच दूर ठेवणारी रचना इथे अपुरी पडते.

मित्रा यांच्या पुढच्या कामात मोठी माणसे परत आली, हे लक्षणीय आहे. २००६ पासून ते ब्रिटनमधील न्यूकॅसल विद्यापीठात प्राध्यापक होते. २००९ मध्ये त्यांच्या आवाहनावरून ब्रिटनमधील स्वयंसेवक, त्यांत अनेक निवृत्त शिक्षिका, स्काइपवरून भारतातील मुलांशी बोलू लागले. काम गोष्टी सांगण्याचे, गप्पांचे आणि आजीसारखे कौतुक करण्याचे. सुनीता कुलकर्णी यांनी समन्वय साधलेल्या या उपक्रमाला ‘ग्रॅनी क्लाउड’ म्हणतात. २०१३ मध्ये मित्रा यांना दहा लाख डॉलरचे टेड पारितोषिक मिळाले आणि त्यातून मुलांनी इंटरनेटवरून आपापले शिकण्याची ‘स्कूल इन द क्लाउड’ ही केंद्रे भारत आणि ब्रिटनमध्ये निघाली. महाराष्ट्रातील केंद्र सातारा जिल्ह्यातील फलटण येथे, मॅक्सीन बर्नसन यांनी उभ्या केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेच्या कमला निंबकर बालभवनात सुरू झाले.