पुण्यातील मोटारगाड्यांचा मागील आस व डिफरेन्शियल

एंजिनाची शक्ती दोन्ही चालक चाकांना वाटून देणारी व वळणावर त्यांना निरनिराळ्या गतीने फिरू देणारी दंतचक्रांची जुळणी म्हणजे डिफरेन्शियल होय. मागील चाकांनी चालणाऱ्या गाडीत ती बहुधा मागील आसाच्या मध्यावरील फुगीर कवचात बसविलेली असते. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर तोडावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्यावर पक्की केल्यास त्यांपैकी एकाला रस्त्यावर फरफटावे लागेल. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच यंत्रज्ञाने १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी यावर ही तोड काढली.

साध्या डिफरेन्शियलमध्ये टॉर्क दोन्ही चाकांना समान मिळतो. हीच त्याची सोय आणि हीच त्याची खोड. एक चाक चिखलात रुतले, तर ते फिरविण्यास लागेल तेवढाच अल्प टॉर्क कोरड्या जमिनीवरील चाकाला मिळतो आणि गाडी जागच्या जागी अडते. १९३० नंतरच्या दशकात आउटो युनिऑनच्या बलाढ्य शर्यती गाड्यांत आतले चाक असेच गरगर फिरून टायर जाळीत असे. फेर्डिनांट पोर्श यांच्या अभिकल्प कार्यालयाच्या मागणीवरून झेडएफ या जर्मन कंपनीने मर्यादित घसरणीचे डिफरेन्शियल तयार केले, ते या दोषावर उपाय म्हणून.

पुण्याच्या मोटारनिर्मितीत मागील आसाला महत्त्व सावकाश आले. बजाज टेम्पो कंपनी १९५८ मध्ये स्थापन झाली. तिच्या हॅन्सिएट या तीनचाकीत एंजिनाची शक्ती पुढच्या एकट्या चाकाला मिळे; मागील चाके नुसता भार वाहत. १९६९ मधील मॅटॅडोरही पुढच्या चाकांनीच चाले. (कंपनीच्या नावातील ‘टेम्पो’ हा शब्द मराठीत मालवाहू गाडीचे सामान्यनाम होऊन बसला, तो मात्र चाके कोणती फिरतात याची पर्वा न करता.) आकुर्डीच्याच बजाज ऑटोने १९७७ मध्ये मागे एंजिन असलेली रिक्षा आणली. तिच्यात एंजिन, दंतचक्रपेटी व डिफरेन्शियल एकत्र असून तेथून दोन आखूड अर्धआस चाकांकडे जातात. शहरातल्या गल्लीबोळांत वळणाऱ्या या लहानशा वाहनालाही डिफरेन्शियलवाचून चालत नाही.

मागील चाकांवर चालणाऱ्या चारचाकींची परंपरा पिंपरीच्या टेल्कोने रुजविली. १९८६ मधील ४०७ हा हलका मालमोटार प्रकार, १९९१ मधील सिएरा व १९९४ मधील सुमो ही तिची ठळक उदाहरणे. मुंढवा येथील भारत फोर्जने घडाईचे आस व क्रँकदंड पुरवून या उद्योगाचा पाया भक्कम केला. याच कल्याणी समूहाने अमेरिकेतील रॉकवेल कंपनीच्या सहकार्याने जड वाहनांचे आस बनविणारा कारखाना १९८१ मध्ये स्थापिला, तो मात्र म्हैसूरला.

रस्ता सोडून चालणाऱ्या गाड्यांत या विषयाला खरी धार येते. बजाज टेम्पोचे पुढे फोर्स मोटर्स असे नामांतर झाले. तिच्या गुरखा या चारही चाकांनी चालणाऱ्या गाडीत पुढील व मागील अशी दोन्ही डिफरेन्शियले चालकाला हवी तेव्हा कुलूपबंद करता येतात. भारतीय बनावटीच्या गाड्यांत ही सोय विरळाच. गाडीची २०२१ ची आवृत्ती २५० न्यूटन-मीटर टॉर्क देत होती. २०२४ मध्ये तो ३२० न्यूटन-मीटरवर गेला.

हौशी मंडळींचा ओढा बहुधा एंजिनाची ताकद वाढविण्याकडे किंवा डिफरेन्शियलला कुलूप बसविण्याकडे असतो. अर्धआसांचा विचार मागाहून, बहुधा ते तुटल्यावर होतो. हा क्रम उलटा आहे. समजा, मागील चाकांनीच चालणाऱ्या गाडीच्या एंजिनाचा टॉर्क २५० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचे गुणोत्तर ४ व आसाचे ४ आहे. घर्षणातील घट सोडल्यास मागील आसावर ४,००० न्यूटन-मीटर टॉर्क येतो. साध्या डिफरेन्शियलमध्ये प्रत्येक अर्धआसावर २,००० चा भार असतो. कुलूप लावलेले असता एक चाक अधांतरी गेले, तर सगळे ४,००० एकट्या दुसऱ्या अर्धआसाला सोसावे लागतात. म्हणून कुलूप बसविण्यापूर्वी अर्धआस, त्यांचे पन्हळी दाते, मुकुटचक्र व धारवे या भाराला पुरे पडतील की नाही, हे पाहणे आवश्यक असते.

आसाच्या प्रकाराचाही येथे संबंध येतो. अर्धतरंगी आसात अर्धआस चाक फिरवितो व गाडीचे वजनही पेलतो. तो बाहेरच्या टोकाशी तुटल्यास चाकच निखळून पडण्याचा धोका असतो. पूर्णतरंगी आसात वजन कवचावरील धारव्यांवर असल्याने अर्धआस मोडला तरी चाक जागेवर राहते. घाटाच्या उतारावर हा फरक जीवनमरणाचा ठरू शकतो. मालमोटारींना पूर्णतरंगी आस वापरण्यामागे हे एक कारण आहे.

मुकुटचक्र व पिनियन बदलून गुणोत्तर ४.१ वरून ४.५ केल्यास चढण सोपी होते. पण त्याच वेगाला एंजिन सुमारे दहा टक्के अधिक फेरे घेते आणि इंधनाचा खर्च वाढतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर कुलूप लावून वळल्यास टायर घासतात व सुकाणू जड होते. रोजच्या वापराच्या गाडीला म्हणून मर्यादित घसरणीचा प्रकार अधिक सोयीचा. त्यातील घर्षणतबकड्या झिजतात व त्यांना योग्य तेल लागते, एवढे पथ्य मात्र पाळावे लागते.

अशा फेरबदलांना कायद्याचीही मर्यादा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कडक अर्थ लावला.

विजेच्या गाड्यांत ही सर्व मांडणीच बदलत आहे. टाटांच्या पुणे येथील कारखान्यात तयार होणाऱ्या व २०२५ मध्ये बाजारात आलेल्या हॅरिअर ईव्हीच्या एका प्रकारात पुढील व मागील चाकांसाठी स्वतंत्र विद्युत् चलित्रे आहेत. पुढून मागे शक्ती नेणारा लांब प्रचालक दंड तिच्यात नाही. मागील दोन चाकांमधील वाटणीचा प्रश्न मात्र तेथेही उरतोच.