एकच गिऱ्हाईक

लघुपटाला आपल्याकडे वितरक का मिळत नाही, असे विचारले की बहुतेकांचे उत्तर तयार असते: लोकांना लघुपट बघायचाच नसतो. इतिहास वेगळे सांगतो. सुरुवातीच्या काळात छोट्या पटाला आपली जागा होती. दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याचे रोप वाढताना टिपले आणि त्या छोट्याशा पटाच्या जोरावर ‘राजा हरिश्चंद्र’साठी कर्ज मिळवले. पुढे ‘आगकाड्यांची मौज’सारखे पट ते मुख्य चित्रपटाच्या जोडीला करत राहिले. लघुपटाचा बाजार प्रेक्षकांनी मोडला नाही. तो रुजण्याआधीच सरकार त्याचे एकमेव गिऱ्हाईक होऊन बसले, आणि वितरक नावाचा माणूस त्या धंद्यात घडलाच नाही.

याची सुरुवात महायुद्धात झाली. १९४३ मध्ये ब्रिटिश सरकारने भारत संरक्षण नियमांखाली प्रत्येक थिएटरवर मान्यताप्राप्त पट दाखवण्याची सक्ती केली. युद्ध संपल्यावर ती यंत्रणा बंद पडली, पण १९४८ मध्ये मुंबईत माहितीपट आणि वार्तापट काढणारे सरकारी फिल्म्स डिव्हिजन उभे राहिले आणि सक्ती परत आली. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने तिला पक्का आधार दिला. वार्तापट किंवा माहितीपट दाखवणे ही थिएटरच्या परवान्यातलीच अट झाली. थिएटरवाल्याने फिल्म्स डिव्हिजनकडून रिळांचा डबा आणायचा, मुख्य चित्रपटाआधी तो लावायचा आणि आठवड्याच्या निव्वळ गल्ल्यातून एक टक्क्यापर्यंत भाडे भरायचे. सगळी गोम या एक टक्क्यात आहे. गल्ला जमायचा तो मुख्य चित्रपटावर. लघुपट उत्तम असो की रटाळ, प्रेक्षक टाळ्या वाजवोत की बाहेर शेंगदाणे घेत उभे राहोत, भाड्याचा आकडा तसूभरही हलत नसे. त्यामुळे अमुक लघुपटाने किती कमावले हा प्रश्नच कधी उभा राहिला नाही. ज्या मालाची स्वतंत्र किंमत कधी ठरत नाही, त्याचा व्यापारी कशाला जन्माला येईल? सक्तीचा वाटा भरून झालेल्या थिएटरवाल्याला बाहेरच्या निर्मात्याचा पट पैसे देऊन घेण्याचे काही कारणच उरले नाही. मग त्या निर्मात्याने फिल्म्स डिव्हिजनचे काम करून द्यायचे, नाहीतर आपला पट तिथेच विकायचा.

यावर आक्षेप येतो की सक्ती नसती तर गावोगावच्या पडद्यावर लघुपट दिसलाच नसता. हे मी मान्य करते. फिल्म्स डिव्हिजनमध्ये एस. एन. एस. शास्त्रींचा ‘आय अॅम ट्वेंटी’ झाला, प्रमोद पतींचे धाडसी प्रयोग झाले, हेही खरे, आणि त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण कायद्याने पडद्याची वेळ राखून ठेवायला सांगितले होते. ती वेळ एकाच दुकानातून भरावी, असे त्यात कुठे होते? त्याच राखीव मिनिटांसाठी स्वतंत्र निर्मात्यांचे पट, त्यांच्या नावावर त्यांचा हिशेब ठेवून, घेता आले असते. तसे न झाल्याचे परिणाम फार दूरवर गेले. दूरदर्शन आले, पण गिऱ्हाईक पुन्हा एकच राहिले. त्याने नाही म्हटले की कोर्टाशिवाय दुसरे दार नव्हते. आनंद पटवर्धनांचा ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’ दाखवावा, हे २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दूरदर्शनला सांगावे लागले. तो माहितीपट त्याच्या दहा वर्षांहून आधी पूर्ण झालेला होता.

वितरणाची सूत्रे निर्मात्यांनी एकदा स्वतःच्या हातात घेतलीही. २००४ च्या मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी भारतीय पटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट आली, विरोधानंतर ती मागे घेतली गेली, तरी अनेक पट निवडीत गळाले. तेव्हा निर्मात्यांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ भरवून ते पट लोकांना दाखवले. प्रेक्षक आले. पुढे ते जुने गिऱ्हाईक, फिल्म्स डिव्हिजन, २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. आज लघुपट करणारी मुले महोत्सवांना आणि ऑनलाइन मंचांना पट पाठवतात, आणि कुणी घेतला याच आनंदात येईल त्या करारावर सही करतात. त्यांना कळकळीने सांगावेसे वाटते: सही करण्याआधी हक्क किती वर्षांचे, कोणत्या प्रदेशांचे आणि कमाईचा हिशेब कधी मिळणार, एवढे कागदावर लिहून घ्या.