पगडी पन्नास, डोके एक

‘सर सलामत तो पगडी पचास’ ही म्हण आपल्याकडे उत्तरेकडून आली. पण मराठी माणसाने ती इतकी आपलीशी केली, की ती परकी आहे असे कोणाला वाटतही नाही. डोके शाबूत राहिले म्हणजे मानमरातब, पैसाअडका, पागोटी हे सारे पुन्हा मिळवता येते, हा तिचा आशय. मात्र डोके सलामत ठेवणारी जी वस्तू, तिच्यासाठी किती पैसे मोजावेत, याविषयी ही म्हण अवाक्षर काढीत नाही. आपल्या साऱ्या शहाणपणाच्या म्हणी किमतीच्या प्रश्नापाशी आल्या की अशाच गप्प बसतात!

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो माझ्या भाच्यामुळे. तो राहतो नेरुळला, त्याची कचेरी महाप्याला. दसऱ्याला त्याने नवी मोटारसायकल घेतली, तिला झेंडूची माळ घातली, आणि पाठोपाठ एका जपानी हेल्मेटवर त्याचे मन बसले. किंमत पन्नास हजारांच्या वर! माझी बहीण म्हणाली, “अरे, एवढ्यात घरात चांगला फ्रिज येईल.” तो म्हणाला, “आई, फ्रिज माझ्या डोक्यापेक्षा मोठा का?” दोघांचेही म्हणणे खरे असल्यामुळे भांडण मिटेना. शेवटी मायलेक माझ्याकडे वळले. “मामा, तुम्ही आयुष्यभर इतिहास शिकवलात. इतिहास काय सांगतो ते सांगा,” असे म्हणून भाच्याने मला अडकवले. मोटारसायकल मला चालवता येत नाही. परंतु डोक्यावरच्या वस्तूंचा इतिहास मला अगदीच अपरिचित नव्हता. तो धुंडाळता धुंडाळता जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

आरंभ अर्थातच प्रतापगडापासून करावयाचा. १० नोव्हेंबर १६५९ रोजी शिवाजीमहाराज अफझलखानाच्या भेटीस निघाले, तेव्हा त्यांनी अंगरख्याखाली चिलखत आणि पागोट्याखाली लोखंडी टोप घातला होता, हे आपल्या घरातले लहान मूलही सांगेल. जदुनाथ सरकारांनी आपल्या शिवचरित्रात त्या झटापटीचे वर्णन करताना सांगितले आहे, की सय्यद बंडाच्या तलवारीच्या एका घावाने महाराजांचे पागोटे चिरले गेले आणि आतल्या टोपाला खोल खोक पडली. पागोटे गेले, टोप दबला, आणि मस्तक वाचले. आपली म्हण त्या दिवशी अक्षरशः खरी झाली. मला या प्रसंगातली एक बाब विशेष वाटते. लोकांनी पाहावे म्हणून जे होते ते वर होते. जीव वाचवावा म्हणून जे होते ते आत होते, आणि ते कोणाला दिसू नये अशीच योजना होती. हा आत-बाहेरचा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग आहे.

आता तेथून एकदम विलायतेस जाऊ. मोटारसायकल नावाचे वाहन नवे होते, त्या काळी ब्रुकलँड्स येथे शर्यतींचे एक मैदान होते. तेथल्या एरिक गार्डनर नावाच्या डॉक्टराच्या लक्षात आले, की पडून डोके फुटलेला एखादा तरी स्वार दर पंधरवड्याला आपल्यापुढे येतो. त्याने जाड कॅनव्हासवर लाखेची पुटे चढवून कठीण टोप करवून घेतले. त्या काळी जगाला लाख पुरवीत असे तो मुख्यत्वे हिंदुस्थान. तेव्हा या पहिल्या हेल्मेटांत आपल्या पळसा-कुसुंबांच्या फांद्यांवरची लाख असण्याचा संभव पुष्कळच! शर्यतींच्या चालकांनी आधी नाक मुरडले. पण १९१४ साली आइल ऑफ मॅनच्या प्रसिद्ध शर्यतीत टोप सक्तीचा केला. शर्यतीतल्या स्वाराचे डोके अशा रीतीने सुरक्षित झाले. रस्त्यावरच्या साध्या माणसाला मात्र पुढे अर्धशतकाहून अधिक वाट पाहावी लागली.

मध्यंतरी एका जगप्रसिद्ध माणसाचा बळी जावयाचा होता. ‘अरबस्तानचा लॉरेन्स’ म्हणून ज्याची कीर्ती झाली, तो टी. ई. लॉरेन्स कीर्तीला कंटाळून विमानदलात साधा शिपाई म्हणून राहिला. तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीत त्याने काही काळ नोकरी केली, आणि १९२९ च्या जानेवारीत तो मुंबई बंदरातूनच मायदेशी परतला. त्याला षोक एकच, मोटारसायकलचा. नॉटिंगहॅमच्या जॉर्ज ब्रफने बनवलेल्या ‘ब्रफ सुपीरियर’ गाड्या तो एकामागून एक घेई. मोटारींत जशी रोल्स-रॉइस, तशी मोटारसायकलींत ही, असा तिचा लौकिक होता. १३ मे १९३५ रोजी डॉर्सेट परगण्यातल्या आपल्या झोपडीवजा घराकडे परतत असता, समोर आलेल्या दोन सायकलस्वार मुलांना वाचवण्यासाठी त्याने गाडी वळवली आणि तो फेकला गेला. सहा दिवस तो बेशुद्ध होता. १९ मेला गेला. वय अवघे सेहेचाळीस. जगातली सर्वांत महागड्या गाड्यांपैकी एक खाली, आणि वर उघडे डोके!

त्या सहा दिवसांत ज्या वैद्यांना पाचारण करण्यात आले, त्यांत ह्यू केर्न्स हा तरुण मेंदूशल्यविशारद होता. लॉरेन्सला तो वाचवू शकला नाही. परंतु तो मृत्यू त्याच्या मनातून गेला नाही. पुढे महायुद्ध आले. लष्कराचे निरोपे मोटारसायकलींवरून अंधाऱ्या रस्त्यांनी धावू लागले आणि मरू लागले. केर्न्सने आकडे जमवले. युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार आणि त्यांच्या मागे बसणारे रस्त्यावर मृत्युमुखी पडले होते. टोप घातलेले जखमी त्याला पाहावयास मिळाले ते अवघे सात. आणि त्या सातांतला एकही मेला नव्हता! सात हा आकडा लहान खरा, पण त्याने दिशा दाखवली. १९४१ साली केर्न्सने आपला निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना टोप सक्तीचा केला. सामान्य नागरिकांसाठी तेथे कायदा झाला तो १९७३ साली. केर्न्स १९५२ मध्येच वारला होता. शहाणपण सिद्ध व्हायला एक निबंध पुरला. ते अमलात यायला बत्तीस वर्षे लागली.

हे सांगितल्यावर भाचा म्हणाला, “मामा, हेल्मेट घालावे हे मला पटलेलेच आहे. प्रश्न महाग घ्यावे की स्वस्त, हा आहे.” मुद्दा रास्त होता. त्याचे उत्तर मिळण्यासाठी हेल्मेट डोके कसे वाचवते, हे पाहणे भाग आहे.

आपली समजूत अशी, की टणक टोप म्हणजे सुरक्षित टोप. तलवारीपुरते ते खरे आहे, रस्त्यापुरते नाही. माणूस उभ्याचा नुसता आडवा पडला, तरी त्याचे डोके जमिनीवर ताशी वीस किलोमीटरच्या वेगाने आदळते. तेथे मारक ठरतो तो अचानक थांबण्याचा धक्का. कवटी थांबते आणि आतला मेंदू पुढे जात राहतो. यावर उपाय म्हणजे डोक्याला थांबण्यासाठी थोडी जागा आणि थोडा वेळ देणे. कॅलिफोर्नियातील संशोधक लोम्बार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी १९५३ च्या सुमारास टोपाच्या आत दबून जाणारा थर घालण्याची कल्पना मांडली. लगोलग अमेरिकेत तशी हेल्मेटे निघाली. आणि आज त्या थरासाठी जो पदार्थ वापरतात तो आपल्या ओळखीचा आहे. गणपतीच्या मखरासाठी आपण ज्याला थर्माकोल म्हणत आलो, त्याचाच हा अधिक दाट भाऊ. आघात होताच तो चिरडतो आणि दोन-अडीच सेंटिमीटरांची जागा डोक्याला देतो. एकदा चिरडला की तो पुन्हा फुगत नाही. म्हणून जोरात आदळलेले हेल्मेट वरून चकाकत असले तरी टाकून द्यावयाचे असते.

येथे प्रतापगडचा भेद पुन्हा आठवावा. हेल्मेटातही वाचवणारी वस्तू आत आहे आणि ती दिसत नाही. दुकानात आपण पाहतो ते वरचे: रंग, चित्रे, काच, नाव.

मग महाग हेल्मेटाला काहीच अर्थ नाही का? असे म्हणणे अन्यायाचे होईल. भाच्याच्या मनातले हेल्मेट बनवणारे जपानी घराणे मुळात टोप्या करणाऱ्यांचे. युद्धानंतर हिरोताके अराई या मोटारसायकलच्या षोकी गृहस्थाने तेथे हेल्मेटे बनवावयास आरंभ केला, आणि त्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या आपली विद्या जपली आहे. अशा हेल्मेटाचे कवच काचतंतूंचे असते. वारा नीट खेळतो, आवाज कमी येतो, अस्तर काढून धुता येते, काच धुकट होत नाही. नवी मुंबईच्या दमट उन्हात, सायन-पनवेल महामार्गाच्या वाहतुकीत तासभर अडकलेल्या माणसाला ही चैन वाटणार नाही. ज्या हेल्मेटात गुदमरते, ते लोक कोपरात अडकवतात. आणि कोपर वाचवण्यासाठी कायदा झालेला नाही. सुखकर हेल्मेट अधिक वेळ डोक्यावर राहते, हा महागाईच्या बाजूचा सर्वांत सबळ मुद्दा मला वाटतो. ज्याला दर आठवड्यास घाट ओलांडून दूरवर जावयाचे आहे, त्याने ऐपत असल्यास खुशाल घ्यावे.

परंतु महाग तितके सुरक्षित, असे समीकरण मात्र मांडता येत नाही. ब्रिटिश सरकार २००७ पासून हेल्मेटे विकत घेऊन, आदळून, त्यांना एक ते पाच तारे देत आले आहे. त्यांत साधारण किमतीच्या कित्येक हेल्मेटांना पाच तारे मिळाले, आणि भारी किमतीच्या काहींना ते मिळाले नाहीत. आपल्याकडे १ जून २०२१ पासून भारतीय मानक चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट बनवणे व विकणे हा गुन्हा आहे. पाच-सात हजारांत युरोपच्या मानकालाही उतरलेली हेल्मेटे आपल्याच देशात बनतात. त्यांतला एक मोठा कारखाना तर आपल्या बेळगावात आहे! या किमतीच्या खाली, रस्त्याच्या कडेला दोनशे रुपयांना मिळणारी जी टोपली, तिच्यात आतला थर नावालाही नसतो. दोनशेपासून पाच हजारांपर्यंत चढताना पैशागणिक सुरक्षितता वाढत जाते. पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत जाताना मुख्यतः सुख वाढते. इतिहासाचा आणि प्रयोगशाळेचा एकत्रित जबाब मला असा दिसला.

इतके झाल्यावर मी भाच्याला हिशेब मांडावयास सांगितला. हेल्मेट साधारण पाच वर्षांनी बदलावे असे म्हणतात. पन्नास हजारांचे दिवसाला सत्तावीस रुपये, सहा हजारांचे सव्वातीन. मग मी विचारले, “तुझ्या गाडीवर डोकी किती?” तो थबकला. सकाळी त्याची बायको मागे बसून सीवूड्सच्या स्टेशनापर्यंत जाते, आणि सहा वर्षांची लेक दोघांच्या मधे बसून शाळेत जाते. बायकोपाशी एक टोपली होती. लेकीपाशी काहीच नव्हते.

आकडे याच जागी बोट ठेवतात. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ लोक दुचाकीच्या अपघातांत मेले. त्यांपैकी १४,३३७ मागे बसलेले होते. कायद्याने २०१९ च्या दुरुस्तीत चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे केले आहे, आणि मुंबईत मागे बसणाऱ्यांसाठी पोलिसांनी २०२२ च्या जूनपासून त्याची कडक अंमलबजावणी आरंभली. पुण्यात २०१९ साली या सक्तीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. मानेला इजा होते, ऐकू येत नाही, ही त्यांची गाऱ्हाणी जुनीच आहेत. लॉस एंजेलिसमधील नऊशे अपघात तपासून १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या हॅरी हर्ट यांच्या अहवालाने ती निराधार ठरवली होती. ‘आमचे डोके, आमची मर्जी’ हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच नाकारला. आणि सहा वर्षांच्या मुलीच्या डोक्याविषयी तर मर्जीचा प्रश्नच कोठे येतो?

सिडकोने १९७० मध्ये हे शहर वसवावयास घेतले, तेव्हा खाडीवर पूलही नव्हता. तो १९७३ साली झाला, आणि आगगाडी वाशीला पोहोचली ती १९९२ साली. आज पाम बीचसारखे सरळ, रुंद रस्ते आहेत, आणि सरळ रस्ता हातातली मूठ पिळावयास लावतो. शहराने आपल्याला वेग दिला. डोक्याची सोय ज्याची त्याने करावयाची आहे.

भाच्याने तीन हेल्मेटे घेतली: दोन सहा-सहा हजारांच्या घरातली, आणि एक लेकीच्या मापाचे, लहान. तिन्ही मिळून सोळा हजारांच्या आत बसली. जपानी हेल्मेटाचे चित्र त्याच्या फोनमध्ये अजून आहे, आणि त्यात मला काही वावगे दिसत नाही.

यंदाच्या पाडव्याला किंवा भाऊबीजेला ज्यांच्या घरी हा विषय निघेल, त्यांनी किमतीची चिठ्ठी पाहण्यापूर्वी घरातली डोकी मोजावीत. प्रत्येकाने हेल्मेट स्वतः घालून पाहावे. डोके हलवले असता ते गालांसकट हलले पाहिजे, नुसतेच फिरता कामा नये. हनुवटीखालचा पट्टा आवळून मागून पुढे ढकलून पाहावे. निघाले तर ते दुकानातच ठेवावे. आणि घरी आणल्यावर तो पट्टा रोज लावावा, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जातानासुद्धा. लॉरेन्स त्या दिवशी जवळच्याच छावणीतून एक तार करून घरी परतत होता.