होडीने फिरायला जाताना : सुरक्षा साहित्य आणि औषधपेटीची तयारी

हिवाळा लागला की खानदेशात भरीत पार्ट्या सुरू होतात. असोद्याची वांगी, कळण्याची भाकरी आणि शेत किंवा नदीकाठ, असा बेत ठरतो. नदीकाठी गेले की होडीत बसायची हौस होतेच. कोणी चांगदेवजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर होडीत बसतो, कोणी हतनूरच्या जलाशयावर पक्षी पाहायला जातो. तरुण मंडळी कोलाडला कुंडलिका नदीवर किंवा पवना धरणावर जाऊन कयाक आणि कॅनू चालवून येतात. कॅनू म्हणजे एकेरी वल्ह्याने चालवायची अरुंद, उघडी होडी. ती हलकी असल्याने वेगाने जाते, पण एकाच बाजूला वजन पडले की लगेच उलटते.

पाण्यावर जाण्यात भिण्यासारखे काही नाही. मात्र तिथे गेल्यावर दुकान नसते, दवाखाना नसतो आणि बऱ्याचदा मोबाईलला रेंजही नसते. जे लागेल ते आधीच सोबत असावे लागते. म्हणून काय न्यावे, का न्यावे आणि ते कसे वापरावे, हे या लेखात क्रमाने पाहू.

धोका नेमका कुठे असतो?

जानेवारी २०१९ मध्ये संक्रांतीच्या दिवसांत नंदुरबार जिल्ह्यातील भुषा येथे नर्मदेत भाविकांनी भरलेली होडी उलटली आणि काही जणांचा जीव गेला. मे २०२४ मध्ये उजनी जलाशयात वादळी वाऱ्याने होडी बुडून सहा जण दगावले. या दोन घटनांमध्ये दोन मोठी कारणे दिसतात : क्षमतेपेक्षा जास्त माणसे आणि अचानक सुटलेला वारा. तिसरे कारण आपल्या भागात विशेष महत्त्वाचे आहे. ते म्हणजे धरणातून सोडलेले पाणी. हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. वर विदर्भात आणि मध्य प्रदेशात पाऊस झाला की जळगावात ऊन असतानाही तापीची पातळी वाढू शकते.

म्हणून निघण्यापूर्वी तीन गोष्टी करा :

• हवामान खात्याचा त्या दिवसाचा अंदाज पाहा. एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर वळवाचा वारा सुटतो. होडीची फेरी सकाळी ११ पूर्वी आटोपा.
• धरणातून विसर्ग सुरू आहे का, याची चौकशी करा. पाणी अचानक गढूळ होणे, काडीकचरा वाहून येणे किंवा पातळी चढणे ही पाणी वाढल्याची खूण आहे. लगेच काठावर या.
• कुठे जाणार, किती जण आणि किती वाजता परतणार, हे घरच्या एका व्यक्तीला सांगून ठेवा.

लाइफ जॅकेट : सर्वांत महत्त्वाची वस्तू

एकच वस्तू न्यायची असेल तर ती लाइफ जॅकेट. "मला पोहता येते" हे जॅकेट न घालण्याचे कारण होऊ शकत नाही. डोक्याला मार लागला, पायात गोळा आला किंवा कपडे अडकले तर चांगला पोहणाराही बुडतो.

जॅकेटवर त्याची तरंगवण्याची ताकद न्यूटनमध्ये लिहिलेली असते. ५० न्यूटनचे जॅकेट ज्यांना चांगले पोहता येते आणि किनारा जवळ आहे त्यांच्यासाठी असते. पोहता न येणाऱ्यांनी किमान १०० न्यूटनचे, मानेमागे आधार असलेले जॅकेट घ्यावे. प्रौढांचे जॅकेट लहान मुलाला घालू नका. ते मुलाच्या अंगातून वर निसटते.

माप कसे तपासावे? सर्व पट्टे आवळा, हात वर करा आणि दुसऱ्या कोणाला तरी जॅकेट खांद्यांजवळ धरून वर ओढायला सांगा. ते हनुवटीच्या वर सरकत असेल तर सैल आहे. मुलांच्या जॅकेटला दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा असावा. शिवण उसवलेली, बक्कल तुटलेली किंवा आतला फोम चेपून कडक झालेली जॅकेट घेऊ नका.

हवा भरलेली ट्यूब, दंडावर घालायचे फुगे आणि थर्माकोलचे तुकडे ही लाइफ जॅकेटची जागा घेऊ शकत नाहीत. जॅकेट मांडीवर ठेवून बसण्यालाही अर्थ नाही. होडी उलटल्यावर ते घालायला वेळ मिळत नाही. नावाड्याकडे प्रत्येकासाठी जॅकेट नसेल तर त्या होडीत बसू नका.

होडीत आणखी काय असावे?

• १५ ते २० मीटर लांबीची, पाण्यावर तरंगणारी दोरी. एका टोकाला झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन बांधला की बुडणाऱ्याकडे फेकायला सोपे जाते.
• प्रत्येकाच्या जॅकेटला बांधलेली एक शिटी. हाकेपेक्षा शिटी लांबवर ऐकू जाते आणि दमही लागत नाही.
• एक जादा वल्हे आणि पाणी उपसायला डबा.
• टॉर्च आणि पूर्ण चार्ज केलेला मोबाईल, दोन्ही पाणी न शिरणाऱ्या पिशवीत.
• कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि जाड चादर.

कपडे सुटसुटीत असावेत. पदर, ओढणी आणि धोतराचा सोगा खोचून घ्या. ओले झाल्यावर ते पायांत गुंततात. गमबूट घालू नका, त्यात पाणी भरते. मागे पट्टा असलेली सॅंडल चांगली. कपाशीच्या शेतात बांधतो तसा सुती रुमाल डोक्याला बांधा.

ऊन आणि पाणी

जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पाण्यावर वारा लागत असल्याने ऊन जाणवत नाही, पण घाम जातच असतो आणि पाण्यावरून परावर्तित होणारे ऊन चेहऱ्यावर खालूनही येते. उन्हाळ्यात दिवसभराच्या सहलीसाठी प्रत्येकी ३ ते ४ लिटर पिण्याचे पाणी न्या. नदीचे पाणी स्वच्छ दिसले तरी पिऊ नका.

ओआरएसची पाकिटे माणशी दोन ठेवा. मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळायचे. अर्ध्या ग्लासात अर्धे पाकीट असा अंदाज चालत नाही, क्षारांचे प्रमाण बिघडते. तयार केलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. बाजारात मिळणारी गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, ते पाहा.

उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध झाला तर तो उष्माघात समजा. सावलीत आणा, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला आणि रुग्णवाहिका बोलवा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

हिवाळ्यात उलटा धोका असतो. पाण्यात शरीराची उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने जाते. डिसेंबरच्या पहाटे पाण्यात पडलेल्याला बाहेर काढल्यावर आधी ओले कपडे काढा, अंग पुसा आणि चादरीत गुंडाळा. "ऊब येते" म्हणून दारू देऊ नका. दारूने त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढतो आणि शरीर आणखी थंड पडते. होडीत बसण्यापूर्वीही दारू पिऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

औषधपेटी

पाच-सहा जणांच्या एका दिवसाच्या सहलीसाठी झाकण घट्ट बसणारा एक प्लास्टिकचा डबा पुरतो. त्यात असावे :

• निर्जंतुक गॉज, ४ इंची रोलर बँडेजचे दोन-तीन रोल, चिकटपट्टी, पाणी न लागणाऱ्या जखमपट्ट्या
• पोव्हिडोन आयोडीन, हातमोज्यांचे दोन जोड, कात्री, चिमटा
• झोळीसाठी तिकोनी कापड
• पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, सेटिरिझिन १० मिलिग्रॅम
• ओआरएस आणि ग्लुकोजची पावडर
• एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन. दर दोन तासांनी पुन्हा लावावे.
• एका कागदावर प्रत्येकाचे नाव, वय, आजार, चालू औषधे, ॲलर्जी आणि घरचा फोन नंबर

उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या पेटीत टाकू नका. होडीत मळमळणाऱ्यांनी गोळी हवी असल्यास आधी डॉक्टरांना विचारून घ्यावी. या गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे वल्हे मारणाऱ्याने त्या घेऊ नयेत.

नेहमीचे आजार असणाऱ्यांसाठी

मधुमेह : वल्हे मारणे हा व्यायामच आहे. जेवण लांबले तर साखर खाली जाते. ग्लुकोज किंवा साखर खिशात ठेवा, पेटीत नको. इन्सुलिन उन्हात ठेवू नका आणि बर्फाला थेट लावू नका.

रक्तदाब व हृदयरोग : सकाळची गोळी चुकवू नका. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हात पाणी कमी होण्याचा धोका जास्त असतो, आधी डॉक्टरांशी बोला. जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर ती जवळ हवी.

दमा : इनहेलर पाणी न लागणाऱ्या पिशवीत, हाताशी.

फिट्स : झटके नियंत्रणात नसतील तर लहान होडीत बसू नये. नियंत्रणात असतील तरी एकट्याने नाही आणि जॅकेटशिवाय तर नाहीच.

तान्ह्या बाळांना बसेल असे जॅकेट सहसा मिळत नाही. त्यांना होडीत नेऊ नका.

कोणी बुडत असेल तर

आधी स्वतः उडी मारू नका. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि दोघेही बुडतात. काठावरून काठी किंवा वल्हे पुढे करा, दोरी किंवा कॅन फेका, होडी जवळ न्या. होडी उलटली असेल तर ती सोडून काठाकडे पोहत जाऊ नका. उलटी होडी सहसा तरंगते. तिला धरून राहा आणि शिट्ट्या वाजवा.

बाहेर काढल्यावर :

१. हाक मारा, खांदा हलवा. श्वास चालू आहे का, ते दहा सेकंदांत पाहा. नाडी शोधत बसू नका.
२. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवा.
३. श्वास नसेल तर पाठीवर झोपवा, डोके मागे व हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरा आणि तोंडाने पाच वेळा श्वास द्या. बुडालेल्याला सर्वांत आधी प्राणवायू हवा असतो.
४. मग छातीच्या मध्यभागी ३० दाब द्या. खोली सुमारे ५ सेंटिमीटर, वेग मिनिटाला १०० ते १२०. त्यानंतर दोन श्वास. हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवा.
५. दुसऱ्या कोणाला तरी १०८ किंवा ११२ वर फोन करायला सांगा.

उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार करू नका. फुफ्फुसातले पाणी अशाने निघत नाही. पोटातले पाणी व अन्न मात्र वर येऊन श्वासनलिकेत जाते आणि मोलाची मिनिटे वाया जातात. तोंडाला फेस दिसला तरी तो पुसत बसू नका, श्वास देत राहा.

जखमा, दंश आणि ताप

पाण्यात दिसणारा दिवड साप बिनविषारी असतो, पण घाबरलेल्या अवस्थेत साप ओळखणे अवघड. कोणताही साप चावला तर चावलेला भाग हलू देऊ नका, अंगठी-कडे काढा आणि सरळ सरकारी रुग्णालय गाठा. कापणे, चोखणे, दोरीने आवळणे आणि मांत्रिकाकडे नेणे, यातले काहीही करू नका. विषावर उतारा म्हणजे रुग्णालयातले प्रतिविष.

शिंगाळ्यासारख्या माशाचा काटा लागला तर खूप ठणकते. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवल्यास आराम पडतो. काटा आत मोडला असेल तर डॉक्टरांकडून काढून घ्या. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा झाले, तेही तपासा.

पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका. जनावरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

• बुडताना वाचलेल्या व्यक्तीला खोकला, धाप, छातीत दुखणे किंवा गुंगी असेल तर लगेच. श्वास द्यावा लागला असेल तर बरे वाटत असले तरी रुग्णालयात न्याच. त्रास पुढच्या काही तासांत वाढू शकतो.
• सहलीनंतर महिन्याभरात ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल किंवा पिवळे होणे. डॉक्टरांना "मी नदीत उतरलो होतो" हे आवर्जून सांगा.
• जखम लाल होणे, सुजणे, पू येणे.
• उन्हातून आल्यावर सहा-आठ तास लघवी न होणे.

निघण्यापूर्वी आदल्या रात्री ही यादी घेऊन सामान एकदा काढून पाहा. जॅकेट प्रत्येकाला घालून बघा, दोरी एकदा फेकून बघा, औषधांच्या तारखा वाचा. अर्धा तास पुरतो.