नाव काय ठेवले आहे?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एक तरुण दाम्पत्य स्नानसंस्काराचा अर्ज घेऊन माझ्याकडे आले. सोबत बालकाची आजी होती. अर्जावर मुलाचे नाव लिहिले होते : इनास. मुलाच्या पणजोबांचे ते नाव. मी अर्ज वाचत असतानाच आजी म्हणाल्या, "फादर, तुम्हीच यांना चार शब्द सांगा. हे काय आजच्या पोराचं नाव झालं? शाळेत मुलं हसतील त्याला." सून हळूच म्हणाली, "आई, वर्गात एकाच नावाची चार मुलं असण्यापेक्षा हे बरं ना?" मग दोघींनी माझ्याकडे पाहिले. मी एका दिवसाची मुदत मागून घेतली.

नावावरून घरात मतभेद होणे ही काही आजची गोष्ट नव्हे. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात असा प्रसंग आहे. अलीशिबेच्या बाळाची सुंता करण्यासाठी शेजारी व नातलग आठव्या दिवशी जमले आणि त्यांनी परस्पर ठरवून टाकले की, बापाचेच नाव मुलाला द्यावे. आई म्हणाली, "योहान." त्यावर आप्तांनी हरकत घेतली की, तुमच्या कुळात या नावाचे कोणीच नाही. मुक्या जखऱ्याने पाटी मागवून योहान हेच नाव लिहिले, तेव्हा कोठे वाद मिटला. पुढे ख्रिस्ती जगात जे नाव घरोघरी झाले, ते प्रथम असे अपरिचित म्हणून नाकारले गेले होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी धर्मांतरानंतर आपली नावे बदललीच असे नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात संत पौल फिबी आणि हर्मेस यांचा आदराने उल्लेख करतो. ही दोन्ही नावे ग्रीक पुराणांतली. संत मार्टिन यांच्या नावात तर मार्स हा रोमन युद्धदेव दडलेला आहे. तरीही या मंडळींच्या पावित्र्याला बाधा आली नाही. तिसऱ्या शतकात आलेक्सांद्रियाचे बिशप दियोनिसियस यांनी नमूद केले आहे की, श्रद्धावंतांच्या मुलांना पेत्र व पौल ही नावे पुष्कळदा दिली जातात. आणि हे लिहिणाऱ्या बिशपांचे स्वतःचे नाव मात्र दियोनिसस या मद्यदेवावरून आलेले! इ. स. 533 मध्ये मर्क्युरियस नावाचे धर्मगुरू पोप झाले. रोमन देवाचे नाव पेत्राच्या आसनावर शोभणार नाही असे वाटून त्यांनी योहान हे नाव घेतले. पोपपदावर येताना नाव बदलल्याचे ते पहिले उदाहरण.

चौथ्या शतकाच्या अखेरीस संत योहान क्रिसोस्तोम यांनी या विषयावर परखडपणे लिहिले. त्या काळी काही लोक अनेक दिवे लावून प्रत्येकाला एकेक नाव देत आणि जो दिवा सर्वांत जास्त वेळ तेवेल त्याचे नाव बाळाला ठेवीत. असे केले म्हणजे मूल दीर्घायुषी होते, ही समजूत. क्रिसोस्तोम यांनी ही प्रथा निषिद्ध ठरवली. एवढेच नव्हे, तर केवळ आजोबा-पणजोबांची नावे चालवण्यापेक्षा नीतिमान स्त्री-पुरुषांची नावे मुलांना द्या, असा उपदेश केला. नाव हे मुलापुढचा आदर्श व्हावे, ही त्यांची तळमळ होती.

पुढे ख्रिस्तसभेने हाच विचार शिस्तीत बांधला. ट्रेंट परिषदेनंतर 1566 साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथाने संताचे नाव देण्याची शिफारस केली. 1917 च्या धर्मसंहितेने धर्मगुरूला बजावले की, बालकाला ख्रिस्ती नाव मिळेल असे पाहा. पालक ऐकत नसतील तर त्यांच्या नावाला एखाद्या संताचे नाव जोडा आणि नोंदवहीत दोन्ही लिहा. 1983 च्या संहितेचा सूर सौम्य आहे. ख्रिस्ती भावनेशी विसंगत असे नाव दिले जाऊ नये, एवढीच काळजी पालकांनी, धर्मपिता-धर्ममातांनी व धर्मगुरूंनी घ्यावी, असे ती सांगते. नाव जुने की नवे, देशी की परदेशी, याविषयी ती काहीच म्हणत नाही.

आता आपल्या वसईकडे वळू. 1534 साली वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि स्नानसंस्काराबरोबर त्यांची नावेही येथे आली. ती आपल्या पूर्वजांच्या जिभेवर घोळली आणि आपली झाली. सेबास्तियांवचा बस्त्याव झाला, दोमिंगोसचा दुमिंग, मानुएलचा मनवेल आणि इनासियोचा इनास. 1739 मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली, पोर्तुगीज निघून गेले. ही नावे मात्र केळीच्या वाड्यांत आणि भातशेतांत राहिली.

इनास या एका नावाचाच प्रवास पाहा. अंत्युखियाचे बिशप संत इग्नेशियस यांनी दुसऱ्या शतकाच्या प्रारंभी रोममध्ये रक्तसाक्ष दिली. चौदा शतकांनंतर स्पेनमधील लोयोला येथील एका सरदारपुत्राने तेच नाव स्वीकारले. त्याचे स्नानसंस्काराचे नाव होते इनिगो. त्याच्या प्रांतातले, जुन्या वळणाचे. येशूसंघाच्या या संस्थापकाने स्वतःचे जुने नाव मागे ठेवले, ही बाब आजींच्या बाजूने मांडता येईल! त्यांना 1622 साली संतपद मिळाले. त्यांच्या संघाच्या धर्मगुरूंनी वसईत कार्य केले, आणि अंत्युखियाचे नाव आपल्या गावात इनास होऊन नांदू लागले.

पुढे इंग्रजी शाळा आल्या आणि बस्त्यावचा सबॅस्टियन झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) स्थानिक संस्कृतीचे भान वाढले. विजय, संजय, सुनीता अशी नावे आपल्या घरांत रुळली. तेव्हाही वडीलधाऱ्यांनी नाके मुरडली होती. वास्तविक ख्रिस्ती आशय देशी शब्दात सांगण्याची रीत आपल्या देशात फार जुनी आहे. त्रावणकोरचे नीळकंठ पिल्लई यांनी 1745 साली स्नानसंस्कार घेतला, तेव्हा त्यांना लाजरस या नावाचा तमिळ अनुवाद मिळाला : देवसहायम, म्हणजे देव ज्याचे साहाय्य आहे तो. 2022 साली ते संत म्हणून घोषित झाले, ते याच नावाने.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी, मी साहाय्यक धर्मगुरू असताना, एका शेतकरी जोडप्याला मुलाचे नाव दुमिंग ठेवायचे होते. मला ते गावंढळ वाटले. मी समजावणीच्या सुरात त्यांना डॉमनिक लिहायला लावले. मुलाचे आजोबा दाराशी उभे होते. त्यांचेच नाव दुमिंग. ते काही बोलले नाहीत. टोपी हातात घेऊन बाहेर गेले. संत तोच होता, अर्थही तोच, प्रभूचा. मी पुसले ते फक्त आमच्या लोकांचे रूप.

दुसऱ्या दिवशी मी आजींना इनास नावाची ही हकीकत सांगितली. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग पदर सावरत म्हणाल्या, "फादर, खरं सांगू? माझ्या सासऱ्यांचं नाव ते. उभ्या जन्मात मी तोंडानं घेतलं नाही. आता त्याच नावानं नातवाला हाक कशी मारू? त्याच्यावर रागावू कशी?"

यावर माझ्यापाशी कोणत्याही ग्रंथातले उत्तर नव्हते. जुन्या नावाला विरोध करणाऱ्याच्या मनात तिरस्कार नसून कधी कधी आदरच असतो, हे मला त्या दिवशी कळले. तरुण पालकांनो, वडीलधाऱ्यांच्या नकारामागे काय आहे ते आधी विचारून घ्या. आणि जुने नाव दिलेत तर त्याची कथाही मुलाला द्या. ज्याला आपल्या नावाची कथा ठाऊक आहे, त्याला वर्गातले हसणे फार काळ बोचत नाही. कथेवाचून मात्र जुने नावही नुसता आवाजच ठरते.

पुढच्या रविवारी मंदिराच्या दाराशी मी विधीतला पहिला प्रश्न विचारला, "या बालकाचे नाव काय ठेवले आहे?" आई-वडिलांनी उत्तर दिले, "इनास." विधी आटोपल्यावर आजींनी बाळाला घेतले, इकडेतिकडे पाहिले आणि त्याच्या कानाशी वाकून ते नाव आयुष्यात प्रथमच उच्चारले.